माध्यमं आणि मनोरंजन क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी थेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नेमकं कोणासाठी आहे?

ज्यांचं पोट बातमीवर, कॅमेऱ्यावर, रंगमंचावर किंवा आवाजावर चालतं त्या सगळ्यांसाठी. या क्षेत्रातल्या मानसिक ताणाचा विषय निघाला की लोकांना पडद्यावरचे चेहरे आठवतात. पण थेरपिस्ट म्हणून माझ्याकडे येतात त्यांत रात्रपाळीला डेस्क सांभाळणारे असतात, असिस्टंट डायरेक्टर, साउंड रेकॉर्डिस्ट, मेकअप आर्टिस्ट, मालिकांचे लेखक, व्हिडिओ एडिटर आणि घरात बसून एकट्याने चॅनल चालवणारे क्रिएटर असतात. त्यांचं नाव श्रेयनामावलीत आलं तरी ते वाचायला कोणी थांबत नाही, आणि त्यांची झोप उडाली तर तेही कोणाच्या लक्षात येत नाही.

एक गोष्ट सगळ्यात आधी. जगणं नको वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर पुढचं वाचायचं राहू द्या आणि आत्ता एकटे राहू नका. जवळच्या माणसाला बोलावून घ्या. तुम्ही असाल तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर किंवा आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनवर फोन करा, नाहीतर थेट रुग्णालयाचा इमर्जन्सी विभाग गाठा. शूटिंग थांबेल, बुलेटिन चुकेल, चालेल.

ताण तर सगळ्याच नोकऱ्यांत असतो. आमच्यात असं वेगळं काय?

वेळ, पैसा आणि भावना या तिन्ही बाबतींत इथे पायाखाली घट्ट जमीन नसते. उद्याचा कॉल टाइम, म्हणजे कामावर हजर व्हायची वेळ, आज रात्री कळतो. एक प्रोजेक्ट संपला की पुढचा कधी मिळेल, मिळेल का, हे कोणी सांगू शकत नाही, आणि त्या मधल्या काळात माणूस स्वतःला ‘सध्या रिकामा’ म्हणण्याऐवजी ‘काही गोष्टी चालू आहेत’ म्हणत राहतो. सतत तसं म्हणत राहणंही थकवतं.

नकाराचंही तसंच. इतर कामांत अर्ज नाकारला जातो. इथे तुमचा चेहरा, उंची, आवाज, वय नाकारलं जातं, आणि तेही बहुतेक वेळा कारण न सांगता. ऑडिशननंतर फोन येत नाही, एवढाच तो नकार. मग कारण शोधायचं काम डोकं स्वतःच करतं, आणि डोक्याला सापडणारं कारण जवळजवळ नेहमी ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ हे असतं.

ब्रिटनमधल्या ‘फिल्म अँड टीव्ही चॅरिटी’ने २०१९ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांची पाहणी केली होती. आयुष्यात कधी ना कधी मानसिक आरोग्याचा त्रास झाल्याचं ८७ टक्के लोकांनी सांगितलं. तिथल्या एकंदर लोकसंख्येत हे प्रमाण ६५ टक्के होतं. पाहणी एका देशातली आहे, पण कामाच्या ज्या पद्धतीमुळे हे घडतं ती ओळखीचीच आहे.

नेमकं कधी जावं? थोडी उदासी तर येतच असते.

येते आणि जाते. ती सलग दोन आठवडे बहुतेक दिवस टिकली, एरवी ज्यात जीव रमतो त्यातही रस वाटेनासा झाला, झोप किंवा भूक बिघडली, तर दाखवायला हवं. दारूचं किंवा गोळ्यांचं प्रमाण वाढत चाललं असेल, सेटवर किंवा न्यूजरूममध्ये क्षुल्लक गोष्टीवरून भडका उडत असेल, घरच्यांशी बोलणं तुटलं असेल, तर आठवडे मोजत बसू नका.

या क्षेत्रात आणखी एक खूण मला सर्रास दिसते. माणूस काम करताना एकदम ठीक असतो आणि पॅक-अप झालं की कोसळतो. ‘सेटवर तर मी नॉर्मल असते’ हे मग मदत न घेण्याचं कारण बनतं. तुम्हाला कॅमेऱ्यासमोर उभं राहायचा सराव आहे. त्यामुळे कामावरचं वागणं हा तुमच्या प्रकृतीचा पुरावा धरू नका. सुट्टीचा दिवस कसा जातो ते पाहा.

मी घटनास्थळी जात नाही. डेस्कवर बसून फुटेज पाहतो. त्याचा एवढा त्रास व्हायला हवा का?

होऊ शकतो, आणि वैद्यकशास्त्रानेही ते मान्य केलं आहे. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘डीएसएम’ या अमेरिकन ग्रंथाची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. टीव्हीवर किंवा स्क्रीनवर पाहिलेल्या घटनेला पीटीएसडीच्या (आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक आजाराच्या) निदानासाठी आघात मानू नये, असं त्यात म्हटलं आहे. मात्र एक अपवाद आहे: ते पाहणं तुमच्या कामाचा भाग असेल तर ते धरलं जातं. म्हणजे घरी सोफ्यावर बसून बातमी पाहणारा आणि तीच क्लिप चाळीस वेळा मागे-पुढे करून कुठे ब्लर करायचं ते ठरवणारा एडिटर यांत निदानाच्या नियमांतही फरक केलेला आहे.

मानसोपचारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये न्यूजरूममध्ये बसून लोकांनी पाठवलेली हिंसक दृश्यं तपासणाऱ्या ११६ पत्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका बैठकीत किती तास पाहिलं यापेक्षा किती वारंवार पाहावं लागतं, याचा त्रासाशी जास्त संबंध दिसला. रोज थोडं थोडं पाहणाऱ्याला ‘मला सवय झालीय’ असं वाटतं. नेमकं त्यानेच जपायला हवं.

काही साध्या गोष्टींनी खरोखर फरक पडतो. पहिल्यांदा क्लिप पाहताना आवाज बंद ठेवा, कारण किंकाळी आणि रडणं चित्रापेक्षा जास्त काळ कानात राहतं. आवाज तपासायचाच असेल तर तो वेगळा ऐका, चित्र झाकून. खिडकी लहान करा, फुल स्क्रीनवर पाहू नका. टाइमलाइनवर काम करताना चेहऱ्यावर काळा चौकोन टाकून ठेवा आणि अगदी शेवटी काढा. फाइलच्या नावातच ‘हिंसक दृश्य’ असं लिहा, म्हणजे पुढच्या पाळीतला सहकारी चहाचा कप हातात घेऊन बेसावधपणे ती उघडणार नाही. पत्रकारांवरच्या आघातांबद्दल काम करणाऱ्या ‘डार्ट सेंटर’नेही अशाच स्वरूपाच्या सूचना तयार केल्या होत्या. थेरपीत आपण या सवयी तुमच्या डेस्कच्या वेळापत्रकात बसवतो, आणि जी दृश्यं आधीच डोक्यात अडकली आहेत त्यांच्यावर वेगळं काम करतो.

भीषण घटनेचं वार्तांकन करून नुकताच परतलो. लगेच थेरपी सुरू करू का?

पहिले काही दिवस दचकणं, तीच दृश्यं दिसणं, झोप न लागणं हे अपेक्षित आहे. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत ओसरतं. या काळात झोप, जेवण, ओळखीच्या माणसांची सोबत आणि शक्य असेल तर हलकी ड्युटी हाच उपचार आहे. परत आल्याबरोबर सगळ्या टीमला एका खोलीत बसवून ‘काय पाहिलंस ते सविस्तर सांग’ असं करायला लावण्याची पद्धत पूर्वी लोकप्रिय होती. तिचा फायदा सिद्ध झालेला नाही, काहींना तिचा त्रासच होतो. ज्याला बोलायचंय त्याला ऐका. ज्याला गप्प बसायचंय त्याला बसू द्या.

महिना उलटूनही दृश्यं परत परत येत असतील, तुम्ही तो रस्ता, तो वास, तो विषय टाळत असाल, कायम सावध अवस्थेत राहत असाल, तर पीटीएसडीची तपासणी करून घ्या. फार त्रास असेल तर महिना थांबायचीही गरज नाही. फाइनस्टाइन यांनीच २००२ मध्ये युद्ध वार्तांकन करणाऱ्या १४० पत्रकारांचा अभ्यास मांडला होता. त्यांत आयुष्यभरात कधीतरी पीटीएसडी झालेल्यांचं प्रमाण २८.६ टक्के निघालं. म्हणजे कसलेल्या माणसालाही हे होतं, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारी थेरपी) या दोन्ही पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली आहे.

भीतीपेक्षा अपराधीपणा जास्त छळतो, हेही इथे सांगायला हवं. ‘मी कॅमेरा चालू ठेवला, हात दिला नाही.’ ‘त्या आईला मी बाइट द्यायला लावला.’ हे कोणाला सांगता येत नाही, म्हणून ते आत कुजत राहतं. थेरपिस्ट तुम्हाला घाईघाईने ‘तुझी काही चूक नाही’ असं म्हणणार नाही. त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होतं, काय शक्य होतं, कोणता निर्णय तुमचा होता आणि कोणता वरून आला होता, हे सगळं तो तुमच्यासोबत सावकाश उलगडेल. आणि खरंच काही चुकलं असेल, तर त्याचं पुढे काय करायचं यावरही बोलता येतं.

भूमिका अंगातून निघत नाही. हा अभिनयाचा भाग समजायचा का?

ती थोडी रेंगाळणं स्वाभाविक आहे. रडण्याचा प्रसंग वीस टेकमध्ये करताना श्वास खरोखर अडतो, छाती खरोखर धडधडते. आपण अभिनय करतोय हे मनाला ठाऊक असलं तरी शरीर त्या अवस्थेतून जाऊन आलेलं असतं. नाटकाचा मोठा दौरा किंवा वर्षानुवर्षं चालणारी मालिका असेल तर हे रोजचंच होतं.

तालमीला जितकी शिस्त असते तितकीच भूमिकेतून बाहेर येण्याला हवी. मी कलाकारांसोबत एक छोटा क्रम बसवते. कपडे स्वतःच्या हाताने उतरवायचे आणि पात्राचे म्हणून बाजूला ठेवायचे. चेहरा धुताना घाई करायची नाही. मग आरशात पाहून आपलं नाव, आजची तारीख, आता कुठे जायचंय हे मोठ्याने म्हणायचं. शेवटी पात्रात आणि आपल्यात असलेला एक फरक बोलायचा: ‘तिची बहीण गेली. माझी बहीण घरी आहे, तिला आत्ता फोन करणार आहे.’ पहिल्या काही वेळा कलाकारांना अवघडल्यासारखं होतं, नंतर तेच आठवण ठेवून करतात. एवढं करूनही पात्राची वाक्यं, पात्राचा राग घरात बाहेर येत असेल, किंवा भूमिकेने तुमच्या आयुष्यातली जुनी जखम उघडली असेल, तर थेरपीत या.

जवळिकीची दृश्यं आणि अत्याचाराचे प्रसंग यांचा वेगळा विचार व्हायला हवा. त्यासाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे अशी दृश्यं कलाकारांच्या संमतीने आणि सुरक्षितपणे व्हावीत हे पाहणारी व्यक्ती, हे काम आता रुजतं आहे. एचबीओ या अमेरिकन वाहिनीने २०१८ मध्ये आपल्या अशा सगळ्या दृश्यांसाठी ती व्यक्ती ठेवायचं ठरवलं, आणि २०२० मध्ये सॅग-आफ्ट्रा या अमेरिकन कलाकार संघटनेने त्यासाठी निकष जाहीर केले. तुमच्या सेटवर अशी व्यक्ती नसली तरी काय करणार, काय नाही, सेटवर कोण हजर असेल, हे आधी लेखी ठरवून मागण्याचा हक्क तुमचा आहे.

दुःख गेलं तर माझी कलाही जाईल, अशी भीती वाटते.

ही भीती मी गांभीर्याने घेते, कारण ती खोटी नसते. अनेकांनी वेदनेतूनच लिहायला सुरुवात केलेली असते. पण नैराश्यात प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. लक्ष लागत नाही, निर्णय होत नाही, संवाद पाठ होत नाहीत, पान कोरं राहतं. नैराश्याने कोणाला लिहितं केलं असेल, तर ते बहुधा त्यातून वर येताना. थेरपी आठवणी पुसत नाही. अनुभव तुमच्याकडेच राहतो. तो केव्हा उघडायचा आणि केव्हा मिटायचा, हे ठरवणं तुमच्या हातात येतं, आणि कलाकाराला याहून उपयोगी दुसरं काय असणार? औषधांमुळे भावना बोथट झाल्यासारख्या वाटल्या तर डॉक्टरांना तसं सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येतं. मनाने बंद मात्र करू नका.

बाहेर फुटलं तर? आमच्या क्षेत्रात भिंतींना कान असतात.

थेरपिस्टवर गोपनीयतेचं बंधन असतं. तुम्ही येता, हेसुद्धा तो कोणाला सांगू शकत नाही. अपवाद मोजके आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला तातडीचा धोका, लहान मुलाचा छळ, किंवा न्यायालयाचा आदेश. हे अपवाद पहिल्याच भेटीत नीट विचारून घ्या.

सेशनचे पैसे चॅनल किंवा प्रॉडक्शन हाउस देत असेल, तर त्यांना नेमकं काय कळतं हे लेखी मागा. फक्त सेशनची संख्या जाते की नावही जातं? विमा वापरणार असाल तर कागदपत्रांवर निदान येऊ शकतं. भेट मॅनेजरने ठरवली तरी फॉलो-अपचे मेसेज थेट तुमच्या नंबरवर येऊ द्या. ज्यांना चेहऱ्यावरून ओळखलं जातं ते दिवसातली पहिली किंवा शेवटची वेळ मागू शकतात, म्हणजे वेटिंग रूममध्ये कोणी भेटत नाही.

गोपनीयतेच्या करारावर सही केली असेल तर कथानक, नावं, रकमा न सांगताही तुमच्यावर काय गुदरलं ते पूर्ण सांगता येतं. सेटवर छळ झाला असेल तर मात्र ‘करार आहे’ म्हणून गप्प बसू नका. थेरपिस्टसोबत वकिलाचाही सल्ला घ्या.

समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ: कोणाकडे जायचं?

मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषधं तो देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी करतो. समुपदेशक बोलण्यातून मदत करतो. आजार गंभीर असेल तर औषधं देणारा आणि थेरपी करणारा अशा दोघांची मिळून मदत घ्यावी लागते. शिक्षण आणि नोंदणी विचारायला संकोच करू नका. समाजमाध्यमावर किती फॉलोअर आहेत, ही पात्रता नव्हे.

पहिल्या सेशनमध्ये काय होतं?

साधारण पन्नास मिनिटं. त्रास काय आहे, कधीपासून, झोप, व्यसन, घरची माणसं, आधीचे उपचार असे प्रश्न येतात. माझा आग्रह असतो की तुमचा कामाचा दिवस मला तासागणिक सांगा. किती वाजता उठलात, व्हॅनमध्ये किती तास थांबलात, पहिलं जेवण कधी झालं, घरी पोचल्यावर फोनवर पहिलं काय उघडलंत. ‘खूप स्ट्रेस आहे’ यातून मला फार थोडं कळतं. ‘तीन तास मेकअप करून बसले आणि सीनच कॅन्सल झाला, मग रात्री दोनपर्यंत कमेंट वाचल्या’ यातून कुठे हात घालायचा ते दिसतं.

तिथे छान बोलायची गरज नाही. मुलाखती देण्याची सवय असलेली माणसं पहिल्या दोन-तीन भेटींत फार सुबक उत्तरं देतात, किस्से रंगवून सांगतात. मी थांबून वाट पाहते. एखादं वाक्य अर्धवट राहिलं की खरं काम सुरू होतं.

चिंता किंवा नैराश्यासाठी सीबीटी बहुधा काही महिन्यांत पूर्ण होते. खोलवरचे जुने प्रश्न असतील तर जास्त वेळ लागतो. तीन-चार भेटींनंतरही या माणसाशी सूर जुळत नाही असं वाटलं तर तसं सांगून थेरपिस्ट बदला. त्याला राग येणार नाही; येत असेल तर बदलणंच योग्य.

शेड्यूलचा पत्ताच नसतो. सेशनला नियमित कसं येणार?

ऑनलाइन सेशन हा चांगला पर्याय आहे. मात्र व्हॅनमध्ये बसून, बाहेर कोणी दार वाजवत असताना नको. हेडफोन लावा, आतून कडी घाला, नाहीतर गाडी बाजूला उभी करून बसा. दर आठवड्याला तोच वार जमत नसेल तर आठवड्याचं शेड्यूल आल्यावर वेळ ठरवू असं आधीच बोलून घ्या. आउटडोअरला जायच्या आदल्या रात्री सगळ्यात जड विषय उघडू नका.

स्टेजवर जायच्या आधी हात थरथरतात. गोळी घेतली तर?

काही कलाकार आणि वादक बीटा ब्लॉकर गटातलं औषध घेतात. त्याने थरथर आणि धडधड कमी होते. पण दमा, कमी रक्तदाब किंवा हृदयाचे मंद ठोके असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. सहकाऱ्याच्या पाकिटातली गोळी घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांची सवय लागते, तेही लक्षात ठेवा. थेरपीत आपण भीतीचा सामना टप्प्याटप्प्याने करायला शिकतो: आधी दोन माणसांसमोर, मग दहा. पोटात गोळा येणं पूर्ण थांबत नाही. तो घेऊनच एंट्री घेता येते, एवढा भरवसा वाढतो.

ट्रोलिंगकडे दुर्लक्ष करा असं सगळे सांगतात. जमत नाही.

जमणार नाहीच, कारण शंभर चांगल्या कमेंटमधली एक विखारी कमेंट मनाला धोका म्हणून दिसते. त्यापेक्षा व्यवस्था बदला. पोस्ट टाकल्यावरचे पहिले काही तास अकाउंट दुसऱ्या विश्वासू माणसाच्या हाती द्या. अंथरुणात कमेंट वाचू नका. बलात्काराच्या, जिवे मारण्याच्या धमक्या, पत्ता जाहीर करणं हे ट्रोलिंग नव्हे, गुन्हा आहे. स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, तक्रार करा, संस्थेला कळवा. थेरपीत उरतो तो लाजेचा भाग. त्या माणसांचं वाक्य तुमच्या आवाजात डोक्यात वाजायला लागलेलं असतं. ते ओळखून वेगळं काढायला वेळ लागतो, पण निघतं.

पॅक-अपनंतर दोन पेग घेतल्याशिवाय झोप येत नाही.

दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. सकाळी जड डोकं, दुपारी कॉफी, रात्री परत पेग. थेरपिस्टला खरा आकडा सांगा, उपदेश मिळणार नाही. रोज आणि भरपूर घेत असाल तर एकदम बंद करू नका. शरीराला झटके येण्यापर्यंत धोका असतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.

मला बर्नआउट झालंय. थेरपीने जाईल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित स्थिती म्हटलं आहे: न सांभाळलेल्या ताणातून येणारा थकवा, कामाबद्दल तुटकपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सोळा तासांच्या शिफ्टवर उपाय शिफ्ट कमी करणं हाच आहे. तुम्हाला श्वासाचे व्यायाम शिकवून त्याच शिफ्टमध्ये परत पाठवणारी थेरपी मला मान्य नाही. थेरपी तुम्हाला नाही म्हणायला, वाटाघाटी करायला, युनियनकडे जायला बळ देऊ शकते, आणि बर्नआउटच्या आड नैराश्य लपलंय का हे तपासू शकते. सुट्टीवर गेल्यावरही काहीच बरं वाटत नसेल तर ती शंका घ्यायला हवी.

पैसे नाहीत, काम बंद आहे. मग?

सरकारी रुग्णालयांचे मानसोपचार विभाग, विद्यापीठांची प्रशिक्षण केंद्रं, कलाकार आणि पत्रकारांच्या संघटनांचे मदतनिधी यांची चौकशी करा. अनेक थेरपिस्ट काही जागा कमी फीसाठी राखून ठेवतात, पण विचारल्याशिवाय ते कळत नाही. तेव्हा पहिल्याच फोनवर विचारा.

मी टीम चालवतो. माझ्या माणसांसाठी काय करू?

हिंसक फुटेजचं काम फिरतं ठेवा, एकाच ‘खमक्या’ माणसावर टाकू नका. असाइनमेंट नाकारली म्हणून पुढचं चांगलं काम काढून घेऊ नका. लोक हे बरोबर लक्षात ठेवतात. दोन शिफ्टमध्ये झोपेला पुरेल इतकं अंतर द्या. कठीण घटनेवरून परतलेल्याला दुसऱ्या दिवशी फोन करा आणि त्या फोनवर बातमीची कॉपी मागू नका. साधारण महिन्याभराने पुन्हा विचारा, कारण तोवर बाकीचे विसरलेले असतात. फ्रीलान्सरनाही यात धरा. थेरपीचा खर्च बजेटमध्ये विम्याच्या आणि सेफ्टीच्या ओळीजवळ लिहा, वेलफेअरच्या उरलेल्या पैशांत नको. आणि तुम्ही स्वतः थेरपीला जात असाल तर टीमला सांगायचं की नाही हे तुमच्यावर आहे, पण त्या तासाला कॅलेंडरवर ‘मीटिंग’ न लिहिता ‘डॉक्टर’ लिहिलंत तरी ज्युनिअर मंडळींना सुट्टी मागणं सोपं जातं.